चार फुटी लाकडी बाकडं घरीच करायचं तर

बाकडं डुगडुगायला लागलं की बहुतेक जण स्क्रू पिळतात. चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. दोष स्क्रूचा नसतोच. लाकूड ओलं असताना सांधा बसवलेला असतो, मग ते सुकून आकसतं आणि खाचेत पोकळी राहते. नाहीतर मुळातच खाच ढिली काढून ती स्क्रूच्या जिवावर सोडलेली असते. कोल्हापुरात जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच पाणी असतं आणि मार्च-एप्रिलात तीच हवा कोरडी ठणठणीत होते. म्हणजे लाकूड दर वर्षी एकदा फुगणार आणि एकदा आकसणार, हे धरूनच इथलं बाकडं बांधावं लागतं. पुढची मापं आणि कामाचा क्रम त्याच हिशेबाने दिला आहे.

बाकडं साधंच आहे: लांबी ४८ इंच, बैठक १४ इंच रुंद, उंची साडेसतरा इंच. सोप्यात, परड्यात किंवा दाराबाहेर चपला घालायला बसण्यापुरतं. दोन मोठी माणसं ऐसपैस, तिघं दाटीवाटीने. पाठ नाही, हात नाहीत. पहिल्याच कामात पाठ टेकायची सोय करायला जाऊ नये. तिरके सांधे आले की माप चुकण्याच्या जागा दुपटीने वाढतात.

लाकूड कुठलं घ्यायचं

बाकडं उघड्यावर राहणार असेल तर सागवान, तेही गाभ्याचं. सागाचा तपकिरी गाभा वाळवी आणि पाणी दोन्हीला दाद देत नाही. कडेचा पांढरट भाग मात्र इतर कुठल्याही लाकडाइतकाच कच्चा असतो. वखारीत तुकडा स्वस्तात दिला तर आधी टोकाकडून बघा, पांढरा भाग किती आहे ते लगेच कळतं. फणसाचं लाकूड मिळालं तर सोडू नका. आजरा, भुदरगड, चंदगडकडे ते मिळू शकतं, रंध्याखाली चांगलं चालतं आणि टिकतंही. बाभूळ मजबूत खरी, पण वाळताना चिरते आणि हाताच्या करवतीने कापणाऱ्याचा घाम काढते. आंबा स्वस्त पडतो, घरात चालतो, पण त्याला भुंगा हमखास लागतो. निलगिरी नको, पीळ घेते आणि एकदा पिळलेला पाय सरळ होत नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत मशिनरीच्या पॅकिंगचं पाईन भंगारात निघतं. घरातल्या बाकड्याला ते चालतं, फक्त लाकडावरचा शिक्का बघून घ्या. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन किडे मारलेलं, ते घ्यावं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलं, ते घरात आणू नये.

जुन्या घराचं सागवान हा सगळ्यात चांगला सौदा. कौलारू घर उतरवलं की वासे, तुळया, चौकटी निघतात आणि हे लाकूड पन्नास-पन्नास वर्षं वाळलेलं असतं. दोन गोष्टी तपासा. एक, खिळे. स्पीकरमधला जुना लोहचुंबक चारही बाजूंनी फिरवा. तुटलेला खिळा आत राहिला तर रंध्याच्या पात्याला खोक पडते आणि मशीनवाला तर तुमचं लाकूड परत हातात देतो. दोन, चिरांमधली माती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाण्याखाली राहिलेल्या घरांच्या लाकडात गाळ बसलेला असू शकतो. तारेच्या ब्रशने तो आधी खरवडून काढा, नाहीतर त्यातली बारीक रेती पात्याची धार घालवते.

किती लाकूड लागेल

टिंबर मार्केटमधल्या वखारींत भाव घनफुटावर सांगतात. हिशेब सोपा: रुंदी इंचात, जाडी इंचात, लांबी इंचात, तिन्हींचा गुणाकार करून १७२८ ने भागा. खालची मापं रंधून तयार झाल्यावरची आहेत.

- पाय, ४ नग: अडीच × अडीच इंच, लांबी साडेसोळा इंच
- लांब पट्ट्या, २ नग: ३ × १ इंच, लांबी ४४ इंच
- वरच्या आखूड पट्ट्या, २ नग: ३ × १ इंच, लांबी ९ इंच
- खालच्या आखूड पट्ट्या, २ नग: २ × १ इंच, लांबी ९ इंच
- खालची लांब पट्टी, १ नग: २ × १ इंच, लांबी ४४ इंच
- मधला आधार, १ नग: २ × १ इंच, लांबी १० इंच
- बैठकीच्या फळ्या, ३ नग: साडेचार × १ इंच, लांबी ४८ इंच

चिरून घेताना जाडी आणि रुंदीत प्रत्येकी दोन सूत (पाव इंच) आणि लांबीत एक इंच जास्त सांगा. म्हणजे पायाला पावणेतीन बाय पावणेतीन, फळीला पावणेपाच बाय सव्वा. असं धरलं तर तीन फळ्यांनाच अर्धा घनफूट जातो आणि सगळं मिळून सुमारे सव्वा घनफूट होतं. गाठी आणि चिरा टाळून कापायचं तर दीड घनफूट घ्यावं. तयार बाकडं सागवानात पंधरा-सोळा किलोचं होतं.

चारही बाजू मशीनवर रंधून आणल्या तर तुमचं निम्मं काम वाचतं. हाताने रंधा मारायची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण अडीच इंची पाय चारही बाजूंनी गुण्यात (काटकोनात) आणणं नवख्याला जड जातं आणि पाय गुण्यात नसला की पुढचा प्रत्येक सांधा वाकडा येतो.

वाळवणं

ताजं चिरलेलं लाकूड आणून त्याच आठवड्यात काम सुरू करू नका. दिवाळीनंतर आणावं, मार्च ते मे या काळात बाकडं करावं. लाकूड सावलीत, जमिनीपासून वीतभर वर रचा. दोन थरांमध्ये दर दीड फुटावर इंचभर जाडीची पट्टी घाला आणि सगळ्या पट्ट्या एकाखाली एक आल्या पाहिजेत, नाहीतर फळ्यांना तिथेच बाक येतो. टोकांना ऑईलपेंटचा हात मारा, कारण टोकं आधी वाळतात आणि तिथूनच चीर धरते.

वाळलं की नाही हे बघायचा घरगुती मार्ग म्हणजे वजन. एक आखूड तुकडा किचनच्या काट्यावर तोला, त्यावर पेन्सिलीने आकडा लिहा, पंधरा दिवसांनी पुन्हा तोला. वजन उतरत असेल तर थांबा. ओलावा मोजायचं मीटर कुणाकडे असेल तर १२ ते १४ टक्के आल्यावर काम धरा.

आंबा किंवा पाईन असेल तर याच वेळी किडीचा बंदोबस्त करा. एक लिटर गरम पाण्यात २० ग्रॅम बोरिक ॲसिड आणि ३० ग्रॅम बोरॅक्स विरघळवून, हातमोजे घालून, ब्रशने दोन-तीन हात द्या आणि पुन्हा पूर्ण वाळू द्या. हे द्रावण पावसात धुऊन जातं, त्यामुळे उघड्यावरच्या बाकड्याला त्याचा भरवसा नाही.

हत्यारं आणि सामान

बारीक दात्यांची करवत, तीन सुती आणि एक इंची पटाशी, लाकडी मोगरी, गुण्या, मार्किंग गेज, टेप, ड्रिल मशीन, ३ आणि साडेचार मिलिमीटरचे बिट, स्क्रूचं डोकं आत बसवायचा काउंटरसिंक बिट. पॉलिश पेपर ८०, १२० आणि १८० नंबरचे. डिंक पाण्याला टिकणारा, मरिन प्रकारचा फेविकॉल, पाव किलो पुरे. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, ८ नंबर: दोन इंची २६, अडीच इंची ४, दीड इंची २. लक्ष्मीपुरीत हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात. साधे लोखंडी स्क्रू सागात वापरू नका. ओलाव्यात लोखंड गंजतं आणि सागावर भोवती काळा डाग पसरतो, तो नंतर घासून जात नाही.

पटाशीला धार लावून घ्या. बोथट पटाशीने अपघात जास्त होतात, कारण जोर लावावा लागतो आणि हात निसटतो. मोकळा हात कधीही पटाशीच्या पुढे नको.

आखणी आणि सांधे

चारही पाय एकत्र धरून टोकं एका रेषेत आणा आणि सगळ्यांवर एकदमच खुणा करा. वेगवेगळे मोजले की अर्ध्या सुताचा फरक पडतोच आणि तो शेवटी फरशीवर डुगडुगीच्या रूपाने दिसतो. प्रत्येक पायावर ‘पुढे-डावा’, ‘मागे-उजवा’ असं लिहा. चार पाय दिसायला सारखे असले तरी ते जोडीजोडीने एकमेकांचे आरसे आहेत. सगळ्या खाचा एकाच बाजूला काढून ठेवणं ही या कामातली सगळ्यात नेहमीची चूक.

प्रत्येक पायाला वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला, ३ इंच उंच आणि १ इंच खोल खाच घ्यायची. तिच्यात लांब पट्टी बसते, म्हणजे बसणाऱ्याचं वजन लाकडावरून लाकडावर उतरतं, स्क्रूवर लटकत नाही. खाचेची आडवी रेघ पेन्सिलीऐवजी धारदार चाकूने मारा. पेन्सिलीच्या रेघेलाच अर्धा मिलिमीटर जाडी असते. चाकूच्या रेघेत पटाशी नेमकी बसते. करवत रेघेच्या टाकाऊ बाजूला चालवा, खाच किंचित अरुंद ठेवा आणि उरलेलं पटाशीने सोलून काढा. पट्टी खाचेच्या तळाला आणि पाठीला फट न ठेवता टेकली पाहिजे. 

आता आखूड पट्ट्या. यांना भोक आणि कुसू, म्हणजे पट्टीच्या टोकाला कापलेली, पायातल्या भोकात घुसणारी जीभ. पायाच्या आतल्या अंगाला, म्हणजे लांब पट्टीच्या खाचेच्या बरोबर पाठीमागे, मधोमध तीन सूत रुंद आणि एक इंच खोल भोक घ्या. वरच्या पट्टीसाठी पायाच्या टोकापासून पाऊण इंच सोडून दोन इंच उंचीचं. टोकापर्यंत उघडं ठेवलं तर पाय वरून उकलतो. खालची पट्टी जमिनीपासून ४ इंचांवर ठेवायची आहे, तिचं भोक त्या चार इंचांच्या वर पाव इंच सोडून दीड इंच उंचीचं. आधी ड्रिलने एकाशेजारी एक भोकं पाडा, बिटला इंचभरावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. मग भिंती पटाशीने साफ करा.

खोली एक इंचच, जास्त नको. पाय अडीच इंचांचा आहे, बाहेरून एक इंच खाच गेली, आतून एक इंच भोक गेलं, मधे अर्धा इंच लाकूड उरतं. तेवढं उरलंच पाहिजे.

कुसू नेहमी भोकानंतर कापावं, कारण कुसू रंधून बारीक करता येतं, भोक लहान करता येत नाही. पट्टी एक इंच जाड, कुसू तीन सूत, म्हणजे दोन्ही अंगांनी अडीच सूत काढायचं. वरच्या पट्टीचं कुसू दोन इंच रुंद ठेवा, वरून पाऊण आणि खालून पाव इंच कापून. खालच्या पट्टीचं दीड इंच, दोन्हीकडून पाव इंच कापून. कुसवाचे खांदे, म्हणजे कुसू जिथे सुरू होतं तिथली पट्टीची पायरी, गुण्यात असले पाहिजेत. डुगडुग थांबवतो तो खांदाच. एक खांदा जरी पायापासून सुटून राहिला, तरी डिंकाने ती फट भरून काढता येत नाही. भोक खोलीला किंचित जास्त झालं तर चालतं, कमी पडलं तर कुसू तळाला टेकतं आणि खांदा उघडा राहतो.

खालच्या लांब पट्टीला दोन्ही टोकांपासून पाऊण इंच सोडून, खालच्या अंगाला, एक इंच रुंद आणि एक इंच खोल खाच. खालच्या आखूड पट्ट्यांना मधोमध वरच्या अंगाला तशीच. दोन्ही एकमेकींत बसल्या की वरून सपाट दिसतात.

जोडणी

आधी डिंकाशिवाय सगळं एकदा जुळवून बघा. ही पायरी गाळू नका. डिंक लावल्यावर चूक सापडली तर हातात दहाएक मिनिटं असतात, उन्हाळ्यात त्याहून कमी.

पहिल्या दिवशी दोन बाजू तयार करा: दोन पाय, वरची आखूड पट्टी, खालची आखूड पट्टी. भोकाच्या भिंतींना आणि कुसवाला पातळ डिंक लावा, नुसता भोकात ओतू नका. आवळायला क्लॅम्प नसेल तर सुताची दोरी दोन फेरे गुंडाळून मधे दांडकं घाला आणि पीळ द्या. पायाच्या कडांना दोरी रुतू नये म्हणून पुठ्ठा ठेवा. बाजू फरशीवर आडवी ठेवून दोन्ही पाय टेकतात का ते बघा. एक पाय उचलला असेल तर फ्रेममध्ये पीळ आहे, तेव्हाच दाबून वजन ठेवा. बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने लगेच पुसा. तो वाळून राहिला तर तिथे पॉलिश धरत नाही. चोवीस तास हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या खाचांत डिंक लावून बसवा. प्रत्येक सांध्याला बाहेरून दोन इंची दोन स्क्रू: पायाच्या दोन्ही कडांपासून अर्धा-अर्धा इंच आत, एक वरून सव्वा इंचावर, दुसरा सव्वादोन इंचावर. मधोमध स्क्रू घालू नका, तिथे आतून कुसू आलेलं आहे आणि ते फुटेल. पट्टीत साडेचार मिलिमीटरचं भोक, पायात तीन मिलिमीटरचं. भोक न पाडता सागात स्क्रू मारला तर लाकूड तरी चिरतं नाहीतर स्टेनलेसच्या स्क्रूची मान तरी तुटते.

डिंक ओला असतानाच कर्ण मोजा. ४४ बाय १२ च्या चौकटीचा कर्ण ४५ इंच ५ सूत येतो; पण आकड्यापेक्षा दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत हे महत्त्वाचं. फरक असेल तर लांब कर्णाचे कोपरे दोरीने आवळा. मग खालची लांब पट्टी बसवून खालून दीड इंची एकेक स्क्रू, आणि मधला आधार दोन्ही लांब पट्ट्यांच्या मधोमध, वरच्या कडेला सपाट येईल असा, बाहेरून अडीच इंची दोन-दोन स्क्रूंनी.

बैठक

तीन फळ्या, मधे दोन-दोन सुतांची फट. फट दिसायला बरी म्हणून ठेवलेली नाही. साडेचार इंची सागाची फळी एप्रिल ते ऑगस्ट या काळात रुंदीला अर्ध्या सुताच्या आसपास फुगते. फळ्या एकमेकींना भिडवून बसवल्या तर फुगल्यावर मधे उचलल्या जातात किंवा स्क्रू ओढतात. चौदा इंची अखंड पाट करून चारही बाजूंनी जखडला, तर तो कुठेतरी चिरणारच. फटीतून पाणीही निघून जातं.

फळीचं टोक बघा. वर्षांच्या कड्या वाटीसारख्या वर उघड्या दिसतील अशी फळी ठेवा. म्हणजे वाळताना तिच्या कडा खाली झुकतात आणि पावसाचं पाणी मधे साचत नाही.

फळ्या टोकांना दोन-दोन इंच आणि पुढे-मागे एक-एक इंच बाहेर येतात. प्रत्येक फळीला तीन ठिकाणी दोन-दोन स्क्रू: दोन्ही टोकांपासून सव्वातीन इंचांवर आणि मधल्या आधारावर. मधल्या फळीचे स्क्रू कडेपासून एक इंच आत. कडेच्या फळ्यांना एक स्क्रू बाहेरच्या कडेपासून दीड इंचावर, तो लांब पट्टीत जातो. दुसरा आतल्या कडेपासून अर्धा इंच आत, तो आखूड पट्टीत किंवा मधल्या आधारात. पायाच्या टोकात उभा स्क्रू घालू नका, तिथे पकड येत नाही. फळ्यांना डिंक लावायचा नाही. पुढे एखादी बदलावी लागली तर स्क्रू काढून बदलता येते.

पुढच्या कडा रंध्याने किंवा पॉलिश पेपरने गोल करा, निदान एक सुतभर. धारदार कड मांडीला काचते आणि ठोकर लागली की तिची चिपही उडते.

पाय टेकवणं आणि शेवटचा हात

खात्रीच्या सपाट जागेवर ठेवून बघा. अंगणातली शहाबादी फरशी यासाठी उपयोगाची नाही, तिच्यातच चढ-उतार असतो. एक पाय उचललेला असेल तर त्याखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून बाकडं स्थिर करा, मग एका सपाट ठोकळ्यावर पेन्सिल आडवी धरून चारही पायांभोवती रेघ फिरवा आणि रेघेवर कापा. डोळ्यांनी अंदाज घेत एकेक पाय कमी करत गेलात तर बाकड्याचा पाट होतो.

घासायचं ते लाकडाच्या रेषांच्या दिशेने, ८० पासून १८० पर्यंत. आडवा घासलेला ओरखडा तेव्हा दिसत नाही, तेल लावल्यावर उठून दिसतो.

घरात ठेवायचं असेल तर चपडा (लाखेचं) पॉलिश छान दिसतं, पण त्यावर ओला ग्लास ठेवला की पांढरा डाग पडतो आणि पावसाळ्यात मारलं तर आख्खंच पांढुरकं होतं. आंबा आणि पाईनला प्रायमर मारून ऑईलपेंट हा जास्त शहाणपणाचा मार्ग. उघड्यावरच्या सागाला बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल): पहिला हात निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाईन, पुढचे दोन हात नुसतं तेल, दोन हातांत एक-दोन दिवस सोडून. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी अंगावर राहिलेलं तेल कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर ते चिकट राहतं आणि पावसात त्यावर काळी बुरशी धरते. चकचकीत वार्निश उघड्यावर मारू नका. उन्हाने त्याला तडे जातात, पाणी आत शिरतं आणि मग सगळं खरवडल्याशिवाय दुसरा हात देता येत नाही.

बेलतेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना तापतं आणि दाबून ठेवलेली फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती दोरीवर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून टाका.

पायांचे तळ सगळ्यात जास्त पाणी ओढतात. बाकडं उलटं करून तळांना तेल शोषणं थांबेपर्यंत पाजत राहा, मग रबराची चकती ठोका. दर वर्षी मे महिन्यात, वळवाचा पाऊस सुरू व्हायच्या आधी, तेलाचा एक हात आणि फटींमधला कचरा काढणं एवढंच काम उरतं.

पायांचे सांधे जमणार नाहीत असं आखणी करतानाच वाटलं, तर उद्यमनगरात इंची चौकोनी पाईपची ४४ बाय १२ ची, साडेसोळा इंच उंचीची फ्रेम वेल्डिंग करून घ्या, मधे एक आडवा पाईप टाकायला सांगा आणि त्यावर याच मापाच्या फळ्या बसवा. फळ्यांसाठी पाईपला भोकं मात्र वेल्डिंगवाल्याकडूनच पाडून आणा, आणि ती स्क्रूपेक्षा थोडी मोठी ठेवायला सांगा, फळीला हलायला जागा लागते.